राजाच्या रौप्यकुंभापासून शिपायाच्या बाटलीपर्यंत : रणभूमीवरील शुद्ध पाण्याचा इतिहास

इराणचा सम्राट सायरस ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात बॅबिलोनवर चालून गेला, तेव्हा त्याच्या लवाजम्यात खेचरे जुंपलेल्या चारचाकी गाड्यांची एक लांबच लांब रांग होती. त्या गाड्यांत शस्त्रे नव्हती, की खजिनाही नव्हता. त्यांत चांदीच्या कुंभांतून भरून घेतलेले, आधी उकळलेले पाणी होते. सुसा नगरीजवळून वाहणाऱ्या चोआस्पेस नदीखेरीज अन्य कोणत्याही नदीचे पाणी इराणचा राजा प्राशन करीत नसे, अशी नोंद ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने करून ठेवली आहे. राजामागून पायी चालणारे सहस्रावधी शिपाई कोणते पाणी पीत होते, याविषयी मात्र तो काही सांगत नाही. वाटेत जी नदी, जे डबके, जी विहीर लागेल, तिचे पाणी ते पीत असणार, हे सांगण्यासाठी इतिहासकाराची गरजही नाही.

आपल्या देशातही याचे प्रतिबिंब दिसते. सम्राट अकबर राजधानीत असो वा स्वारीवर असो, त्याच्यासाठी गंगेचे पाणी मोहोरबंद घड्यांतून येत असे. गंगातीरी नेमलेले विश्वासू सेवक हे घडे भरून पाठवीत आणि 'आबदारखाना' नावाचे एक स्वतंत्र खाते त्यांची व्यवस्था पाहत असे, असे अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त लिहिले आहे. छावणीतील सामान्य प्यादा मात्र नदीकाठी ओंजळ भरूनच तहान भागवी.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पाणी उकळावे, गाळावे, निवळू द्यावे, हे ज्ञान मानवजातीला नवे नाही. प्रश्न होता तो हे पाणी कोणाच्या वाट्याला यावे हा. राजाच्या रौप्यकुंभातील शुद्ध पाणी अगदी शेवटच्या शिपायाच्या बाटलीत पोहोचायला सुमारे अडीच हजार वर्षे लागली, आणि त्या विलंबाची किंमत लक्षावधी तरुणांनी प्राण देऊन चुकविली. त्या प्रवासाची ही कथा आहे.

आधी पाणी, मग गड

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सैन्य आणि पाणी यांच्या संबंधाचा विचार येथे फार जाणतेपणाने झालेला दिसतो. रामचंद्रपंत अमात्य यांनी इ.स. १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. गड बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही हे पाहावे, पाणी नसेल आणि स्थळ तर आवश्यक असेल, तर खडक फोडून टाकी, तळी बांधावीत, असा त्यांचा उपदेश आहे. एका झऱ्यावर विसंबून राहू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून साठ्याची टाकी निराळी राखावीत, हेही त्यांनी बजावले आहे. सह्याद्रीतील शेकडो गडांवर आजही दिसणारी खोदीव टाकी ही या दूरदृष्टीची साक्ष होय.

परंतु ही दृष्टी मुख्यतः पाण्याच्या पुरवठ्याची होती. पाणी डोळ्यांना नितळ दिसले आणि जिभेला गोड लागले की ते चांगले, एवढीच परीक्षा त्या काळी जगात सर्वत्र उपलब्ध होती. नितळ पाण्यातही मृत्यू दडलेला असतो, हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या पाण्यातून पटकीची साथ पसरल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धासाठी निघालेली ब्रिटिश आणि फ्रेंच फौज काळ्या समुद्राकाठी व्हार्ना येथे तळ देऊन बसली होती, आणि रशियनांशी मोठी लढाई होण्यापूर्वीच तिच्यातील सहस्रावधी शिपाई पटकीने दगावले. पुढे १८८४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात संशोधन करून पटकीचा जंतू निश्चित केला. तेथील तलावाच्या पाण्यातही त्यांना तो जंतू आढळला. शत्रू आता दिसला होता. त्याच्याशी लढायचे कसे, एवढेच ठरायचे होते.

ज्ञान होते, पण शिपायापर्यंत नव्हते

हे ज्ञान हाताशी असूनही काय घडू शकते, याचे भीषण उदाहरण म्हणजे १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत झालेले बोअर युद्ध. १९०० च्या फेब्रुवारीत पारडेबर्ग येथे बोअर सेनापती क्रोन्ये याला ब्रिटिशांनी मॉडर नदीच्या पात्रात वेढले. तोफांच्या माऱ्यात मेलेली बोअरांची घोडी आणि बैल नदीत पडून कुजत होते, आणि त्याच प्रवाहाच्या खालच्या अंगाला तहानलेले ब्रिटिश शिपाई पाणी पीत होते. १३ मार्च रोजी सैन्य ब्लूमफाँटेन शहरात शिरले, ते विषमज्वराचे बीज पोटात घेऊनच. मार्चअखेरीस बोअरांनी सॅनाज पोस्ट येथे छापा घातला आणि शहराला पाणी पुरविणारे जलकेंद्र त्यांच्या हाती गेले. मग शहरातील जुन्या, दूषित विहिरींवर फौजेची भिस्त राहिली. पुढील काही आठवड्यांत ब्लूमफाँटेनची रुग्णालये ओसंडून वाहू लागली. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल हे तेथे डॉक्टर म्हणून सेवा करीत होते आणि त्यांनी ही दुर्दशा प्रत्यक्ष पाहिली.

संपूर्ण युद्धात सुमारे ५७ हजार ब्रिटिश सैनिकांना विषमज्वर झाला आणि त्यांपैकी ८ हजारांच्या आसपास मरण पावले. शत्रूच्या गोळीने पडलेल्यांची संख्याही त्याहून फारशी वेगळी नव्हती. सैन्याकडे पाणी गाळण्याची साधने नव्हती असे नाही. चिनी मातीच्या पोकळ कांड्यांचे फिल्टर बरोबर होते. पण गढूळ पाण्याने ते तासाभरात तुंबत, प्रवासाच्या हिसक्यांनी त्यांना तडे जात, आणि एकेक पेला गळण्याची वाट पाहण्याइतका धीर दिवसभर उन्हात चाललेल्या शिपायाला उरत नसे. प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेले साधन रणभूमीवर निरुपयोगी ठरले.

कापडाच्या गिरणीतून आलेली पूड

या कोंडीतून सुटण्याचा मार्ग ज्या वस्तूने दाखविला, ती मुळात पाण्यासाठी निर्माण झालेलीच नव्हती. ग्लासगोचे कारखानदार चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये चुन्यावर क्लोरीन वायू सोडून एक पांढरी पूड तयार करण्याचे एकस्व मिळविले. सुती आणि तागाचे कापड पांढरे शुभ्र करण्यासाठी ही पूड वापरली जाई. पूर्वी कोरे कापड आठवडेच्या आठवडे गवतावर उन्हात पसरून ठेवावे लागे. ते काम या ब्लीचिंग पावडरने काही तासांवर आणले. साऱ्या वस्त्रव्यवसायाला परिचित असलेली हीच पूड पाण्यातील जंतूही मारते, हे पुढे शतकभराने लक्षात आले. इंग्लंडमधील मेडस्टन शहरात १८९७ साली विषमज्वराची साथ आली, तेव्हा पाण्याचे नळ या पुडीच्या द्रावणाने धुऊन काढण्यात आले.

भारताचाही या संशोधनात वाटा आहे. आग्र्याचे अर्नेस्ट हॅनकिन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत रूढ केली. महाराष्ट्रातील खेड्यांत पुढे अनेक पिढ्यांनी पाहिलेले, विहिरीचे पाणी गुलाबी करणारे 'लाल औषध' ते हेच. आणि १९०३ मध्ये भारतीय वैद्यकीय सेवेतील अधिकारी व्हिन्सेंट नेसफिल्ड यांनी सैन्याच्या पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरीनचा उपयोग सुचविला. औषध सापडले होते, स्वस्त होते, पोत्याने मिळत होते. तरीही पुढच्या महायुद्धात पुन्हा तेच घडले, आणि या वेळी बळी पडणाऱ्यांत महाराष्ट्राचे पुत्रही होते.

तैग्रीसच्या काठी

१९१४ च्या नोव्हेंबरात हिंदी सैन्याची एक तुकडी इराणी आखाताच्या माथ्याशी उतरली आणि त्याच महिन्यात तिने बसरा घेतले. ही मोहीम प्रामुख्याने हिंदुस्थानातून चालविली जात होती. तिचे सैन्य, धान्य, जनावरे मुंबई बंदरातून रवाना होत आणि जखमी, आजारी त्याच बंदरात परत येत. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी या मोहिमेत आघाडीवर होत्या. सायरसने ज्या बॅबिलोनवर स्वारी केली, तीच ही तैग्रीस आणि युफ्रेटिस या नद्यांची भूमी. येथे नदी हाच रस्ता होता, नदी हीच पाणपोई होती आणि दुर्दैवाने नदी हेच गटारही होते.

तैग्रीसचे पाणी वसंतात पर्वतांवरचे बर्फ वितळले की चिखलाने दाट होते. त्यात क्लोरीन टाकले तरी ते चिखलातच खर्ची पडते आणि जंतूंपर्यंत पोहोचत नाही. म्हणून आधी तुरटीने गाळ खाली बसवायचा आणि मगच ब्लीचिंग पावडर घालायची, असा क्रम पाळावा लागतो. तुरटीचा खडा किंवा निवळीचे बी पाण्यात फिरविणे हे आपल्याकडील प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते. पण दहा-वीस हजार माणसे आणि तितकीच जनावरे यांच्यासाठी हे करायचे म्हणजे मोठमोठ्या टाक्या, पंप, गाड्या आणि प्रशिक्षित माणसे हवीत. १९१५ मध्ये या मोहिमेपाशी यांपैकी काहीच पुरेसे नव्हते. खर्च वाचविण्याच्या धोरणाने फौज पुढे ढकलली गेली; तिच्या मागची व्यवस्था मात्र मागेच राहिली. चामड्याच्या पखालींतून पाणी वाहणारे भिस्ती हीच बहुतेक पलटणींची जलव्यवस्था होती. चामड्याची पखाल आतून कधीच निर्मळ करता येत नाही, आणि ब्लीचिंग पावडर तर वापराअभावी निरुपयोगी ठरे, कारण कडक उष्म्यात तिचा जोर लवकर ओसरतो.

१९१५ च्या नोव्हेंबरात बगदादजवळ टेसिफॉन येथे लढाई झाली आणि फौजेला माघार घ्यावी लागली. जखमींना नदीतील बोटींवर दाटीवाटीने भरून बसऱ्याला धाडण्यात आले. 'मेजिदिये' नावाची अशीच एक बोट बसऱ्याला लागली, तेव्हा भारतीय वैद्यकीय सेवेतील मेजर रॉबर्ट मार्कहॅम कार्टर यांनी पाहिलेले दृश्य हृदय विदीर्ण करणारे होते. डेकवर उघड्यावर पडलेले शेकडो जखमी, त्यांत आमांशाने जर्जर झालेले रुग्ण, त्यांची स्वच्छता करायला माणूस नाही, आणि बोटीच्या दोन्ही बाजूंनी विष्ठा ओघळून वाळलेली. ज्या नदीचे पाणी साऱ्या फौजेच्या मुखी जात होते, तिच्यावरूनच ही बोट दिवसचे दिवस चालत आली होती. कार्टर यांनी सत्य लिहून वर कळविले. त्यांचे आभार मानण्याऐवजी वरिष्ठांनी त्यांना अटकेची धमकी दिली.

इकडे माघार घेणारी फौज ७ डिसेंबर १९१५ पासून कूत येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तिन्ही बाजूंनी तैग्रीसचे वळण होते, पण पाण्यावर जायचे म्हणजे पैलतीरावरील तुर्की नेमबाजांच्या गोळीपुढे छाती उघडी करायची. पाणी भरणाऱ्यांपैकी कित्येक घाटावरच कोसळले. सुमारे पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, अन्न संपल्याने ही फौज शरण गेली. उपाशी शिपायांत आमांश आणि अन्य विकारांनी थैमान घातले होते. त्याच सुमारास वेढा फोडण्यासाठी धडपडणाऱ्या बाहेरच्या फौजेत पटकीची साथ उद्भवली. संपूर्ण मोहिमेचा हिशेब मांडला तर लढाईत जागीच ठार झालेले सुमारे ११ हजार, तर रोगाने मेलेले १२ हजारांहून अधिक, असे आकडे समोर येतात.

या अनास्थेची दाद अखेर लागली. ब्रिटिश पार्लमेंटने नेमलेल्या मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने हिंदुस्थान सरकारच्या व्यवस्थेवर कठोर ताशेरे ओढले, मेजर कार्टर यांचे म्हणणे खरे ठरले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले.

अर्ध्या तासाची शिस्त

त्याच महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलातील विल्यम हॉरॉक्स यांनी एक अत्यंत साधी पेटी तयार केली. तिने पाणीशुद्धीचे शास्त्र प्रयोगशाळेतून काढून शिपायाच्या हाती दिले. पेटीत सहा पांढरे पेले, एक काळा पेला, ब्लीचिंग पावडरचा एक मापाचा चमचा, थेंब टाकण्याची नळी आणि एका रसायनाची कुपी एवढेच साहित्य असे. काळ्या पेल्यात चमचाभर पूड पाण्यात कालवायची. सहा पांढऱ्या पेल्यांत तपासायचे पाणी भरून त्यांत काळ्या पेल्यातील द्रावणाचा अनुक्रमे एक, दोन, तीन असे करीत सहा थेंब टाकायचे. मग अर्धा तास थांबायचे. त्यानंतर प्रत्येक पेल्यात कुपीतील आयोडाइड आणि स्टार्चचे थेंब घालायचे. ज्या पेल्यापासून निळा रंग उमटू लागेल, त्या पेल्याचा क्रमांक म्हणजे पाण्याच्या गाडीत टाकायच्या चमच्यांची संख्या. गाडीत ११० गॅलन, म्हणजे सुमारे ५०० लिटर पाणी मावत असे.

यामागील तत्त्व व्यापारी माणसाला चटकन उमगेल. पाण्यातील घाण म्हणजे जुने देणे. टाकलेले क्लोरीन प्रथम ते देणे फेडण्यात खर्च होते. सारे देणे फिटल्यावर जी शिल्लक उरते, तीच जंतूंचा नाश करते आणि पुढेही पाण्याचे रक्षण करते. निळा रंग ही त्या शिल्लकेची पावती होय. प्रत्येक नदीचे, प्रत्येक विहिरीचे देणे वेगळे, म्हणून प्रत्येक ठिकाणी नवा हिशेब. अंदाजाने टाकलेली पूड कमी पडली तर ती फुकट गेली असे समजावे.

या परीक्षेपेक्षाही कठीण होती ती प्रतीक्षा. पूड टाकल्यावर गाडीतील पाणी अर्धा तास पिता येत नसे. तहानेने व्याकूळ झालेल्या पलटणीसमोर भरलेली गाडी उभी आहे आणि तिच्या तोट्या बंद आहेत, हे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. म्हणूनच ब्रिटिश पलटणींत वैद्यकीय दलाचा एक कॉर्पोरल आणि चार शिपाई यांना केवळ पाण्याच्या कामासाठी नेमलेले असे. क्लोरीनच्या वासाबद्दल शिपाई कुरकुरत. पश्चिम आघाडीवर तर पेट्रोलच्या जुन्या डब्यांतून पाणी खंदकांत जाई आणि चहालाही पेट्रोलची चव येई. पण बोअर युद्धात ज्या विषमज्वराने सैन्य पोखरले होते, तो या महायुद्धात पश्चिम आघाडीवरील ब्रिटिश फौजेत अत्यल्प राहिला. प्रतिबंधक लस आणि शुद्ध पाणी या दोहोंचे ते फळ होते.

मेसोपोटेमियातही १९१६ च्या उत्तरार्धापासून चित्र पालटले. नवे सेनापती जनरल सर स्टॅन्ली मॉड यांनी पुढे सरकण्यापूर्वी बंदर, बोटी, रेल्वे, रुग्णालये आणि पाणी यांची व्यवस्था लावून घेतली, आणि मगच ११ मार्च १९१७ रोजी बगदाद घेतले. मात्र नियतीचा खेळ असा की, त्याच बगदादमध्ये १८ नोव्हेंबर १९१७ रोजी खुद्द मॉड पटकीने मरण पावले. चार दिवसांपूर्वी एका शाळेत 'हॅम्लेट' नाटकाच्या प्रयोगास ते उपस्थित होते, आणि तेथे कॉफीत घेतलेले कच्चे दूध त्यांना भोवले, असे त्या वेळी मानले गेले. पटकीची लस त्यांनी टोचून घेतली नव्हती. शिस्तीतील एक दुवा निसटला, तर सेनापतीलाही सूट मिळत नाही.

वाळवंटातून वाहिलेली नाईल

पाण्याची आधी सोय करून मगच पाऊल उचलायचे, या धोरणाचे सर्वांत भव्य उदाहरण त्याच काळात इजिप्तमध्ये घडले. सिनाईचे वाळवंट ओलांडून पॅलेस्टाइनवर चाल करायची, तर वाटेत लाखभर सैन्याला पुरेल एवढे गोडे पाणी नव्हते. तेव्हा सुएझ कालव्याकाठच्या कांतारा येथे नाईलचे पाणी गाळून शुद्ध करण्यात येऊ लागले आणि तेथून बारा इंची नळ वाळवंटात टाकण्यात आला. नळ जसजसा पुढे सरके, तसतसेच सैन्य पुढे सरके. १९१७ च्या आरंभी हे पाणी सुमारे दीडशे किलोमीटर दूर असलेल्या एल अरिशपर्यंत पोहोचले. नळ टाकणाऱ्या इजिप्शियन मजुरांचे श्रम अपार होते, आणि त्यांतील अनेकांना सक्तीने आणलेले होते, हेही विसरता कामा नये.

याच प्रदेशात आणखी एक शत्रू पाण्यात दबा धरून होता. बिल्हार्झिया नावाच्या रोगाचे सूक्ष्म जंत गोड्या पाण्यातील शंखगोगलगाईंच्या शरीरात वाढतात आणि तेथून बाहेर पडून माणसाच्या त्वचेतून आत शिरतात, हे रॉबर्ट लायपर यांनी १९१५ मध्ये इजिप्तमध्ये सिद्ध केले. त्यांचा दुसरा निष्कर्ष फार मोलाचा होता. गोगलगाय नसलेल्या टाकीत पाणी दोन दिवस नुसते साठवून ठेवले, तर माणसाचे शरीर न मिळाल्याने हे जंत आपोआप मरतात. म्हणजे येथेही औषध एकच, थांबणे. हॉरॉक्स यांनी अर्धा तास मागितला, लायपर यांनी दोन दिवस.

बाटलीतील गोळी आणि कापडाची पिशवी

गाडी पोहोचेल तेथवर हे सारे ठीक. पण टेहळणीवर गेलेल्या चार शिपायांचे काय? १९१७ मध्ये डेकिन आणि डनहॅम या शास्त्रज्ञांनी हॅलॅझोन नावाचे संयुग शोधले, ज्याची इवलीशी गोळी एका बाटलीतील पाणी अर्ध्या तासात निर्धोक करी. अमेरिकी सैन्यातील विल्यम लिस्टर यांनी जाड कापडाची, ३६ गॅलन पाणी मावणारी, तिकाटण्याला टांगता येणारी तोट्यांची पिशवी रूढ केली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात प्रत्येकाला दोन प्रकारच्या गोळ्या मिळू लागल्या. पहिली जंतुनाशक, आणि अर्ध्या तासाने टाकायची दुसरी निळी गोळी क्लोरीनची चव घालविणारी. राजाच्या कुंभातील पाणी अखेर शिपायाच्या बाटलीत उतरले ते असे.

याच काळात गाजलेले आणखी एक साधन म्हणजे मिलबँक पिशवी. घट्ट विणीच्या सुती कॅनव्हासची ही साधी पिशवी. प्रथम ती पूर्ण भिजवायची, कारण सुताचे तंतू पाण्याने फुगतात आणि विणीतील छिद्रे अधिकच बारीक होतात. मग पाणी भरून ती फांदीला टांगायची आणि पहिले काही पाणी वाहू द्यायचे, म्हणजे पिशवीची बाहेरची बाजू धुऊन निघते. त्यानंतर ठिबकणारे पाणी भांड्यात धरायचे आणि उकळून किंवा गोळी टाकून प्यायचे.

पाणी गाळून पिण्याचा संस्कार ज्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, तेथे या पिशवीचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बांगलादेशातील ६५ खेड्यांत जुन्या सुती साडीची घडी करून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून असतात, आणि घडीच्या कापडात ते जीव अडकतात. परंतु त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे ध्यानी घेतली पाहिजे. सुमारे निम्मा धोका उरलाच. गाळणे ही पहिली पायरी होय. उकळणे किंवा औषध घालणे ही दुसरी. सैन्याच्या नियमावलीने या दोन पायऱ्यांना कधीच वेगळे केले नाही.

आणि जेथे मुळात पाणीच नाही, तेथे कोणतीही गोळी कामाची नाही. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन हिंदी छत्रीधारी ब्रिगेडसह जपान्यांच्या वेढ्यात लढली, तेव्हा त्या टेकडीवर पाण्याचा स्रोतच नव्हता. विमानांतून टाकलेली बरीच सामग्री शत्रूच्या बाजूला पडत होती. तहानेशी झुंजत या तुकड्यांनी शत्रूला काही मोलाचे दिवस रोखून धरले. 'आज्ञापत्रा'तील इशाऱ्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. आणि १९८४ पासून सियाचीनच्या हिमनदीवर पहारा देणारे आपले जवान चोहीकडे गोठलेल्या पाण्यातच उभे असतात, पण घोटभर पाण्यासाठीही त्यांना स्टोव्हवर बर्फ वितळवावे लागते.

शेवटच्या माणसापर्यंत

सातारा, रत्नागिरी आणि आसपासच्या जिल्ह्यांतील अनेक गावांत एक छोटीशी संगमरवरी पाटी आजही आढळते. या गावातून १९१४ च्या महायुद्धात इतके लोक गेले आणि त्यांतील इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. त्यांतील कोण गोळीने पडला आणि कोण एका ओंजळभर पाण्याने, हे ती पाटी सांगत नाही. गोळीने पडलेल्याला वाचविणे कदाचित कोणाच्याही हाती नव्हते. पाण्याने गेलेल्याला वाचविण्याचे औषध मात्र तेव्हाही पोत्यात भरलेले होते. पोते होते, पण गाडी नव्हती. गाडी होती तेथे माप नव्हते, आणि मापही होते तेथे अर्धा तास थांबवून धरणारा माणूस नव्हता.

सायरसच्या रौप्यकुंभांपासून मिलबँकच्या सुती पिशवीपर्यंतचा इतिहास म्हणूनच केवळ शोधांचा इतिहास नाही. शोध लागल्यावर तो शेवटच्या माणसापर्यंत नेण्याची जबाबदारी कोणी घेतली आणि कोणी टाळली, याचा तो हिशेब आहे. ज्या सेनापतींनी ही जबाबदारी स्वतःची मानली, त्यांची फौज उभी राहिली. ज्यांनी ती खर्चाच्या रकान्यात टाकून पुसून काढली, त्यांची फौज नदीकाठी असूनही पाण्यानेच गारद झाली. गावात पाणपोई घालणाऱ्याने, धर्मशाळेची टाकी वर्षातून दोनदा रिकामी करून घासून घेणाऱ्याने आणि साथीच्या दिवसांत विहिरीवर स्वतः उभे राहून औषध टाकविणाऱ्यानेही हीच जबाबदारी आपल्या परीने उचललेली असते. पाणी पाजणे हे पुण्य खरेच. पण ते पाणी निर्धोक आहे याची रोजच्या रोज खात्री करून घेणे, हेच त्या पुण्याचे खरे मोल होय.